मुक्तस्रोत संगीत सॉफ्टवेअरची दिशा कशी ठरवायची : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही काही जण मिळून ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंगचं एक छोटं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर सांभाळतो. असाच प्रकल्प चालवणारे, किंवा सुरू करू पाहणारे, आम्हाला जे पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. सोपे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. घाई असेल तर २ आणि ८ एवढे तरी वाचा.

१. आम्ही दोघंच कोड लिहितो. दिशा वगैरे आत्ताच ठरवायची काय घाई आहे?

दुसरा माणूस आला त्याच दिवशी ती गरज सुरू झाली. एकटे असता तेव्हा दिशा डोक्यात असली तरी चालतं. दोघं झालात की दोन डोक्यांत दोन दिशा असतात, आणि हे कळतं सहा महिन्यांनी, एकाने जीव ओतून लिहिलेला कोड दुसऱ्याला नकोसा झाल्यावर.

म्यूझ नावाच्या सिक्वेन्सरमध्ये (स्वर-ठोके रचून वाजवणारा प्रोग्राम) पूर्वी नोटेशनचीही (स्वरलिपी लिहून छापायची) सोय होती. २००२ मध्ये त्याच्या लेखकांपैकी वेर्नर श्वेअर यांनी ती त्यातून काढून वेगळा प्रोग्राम करायचं ठरवलं. तोच पुढे म्यूझस्कोर झाला. सिक्वेन्सरमध्ये वाजतं कसं हे आधी पाहायचं असतं, नोटेशनमध्ये पानावर दिसतं कसं हे. दोन्हींना एकाच प्रोग्रामात पहिला मान देता येत नाही. असा निर्णय जितका लवकर होईल तितका कमी कोड फेकावा लागतो.

२. "संगीत बनवण्यासाठी मोफत सॉफ्टवेअर" एवढं उद्दिष्ट पुरत नाही का?

नाही पुरत, कारण या वाक्याच्या आधाराने कशालाच नकार देता येत नाही. उद्दिष्टातून तीन गोष्टी कळल्या पाहिजेत: समोर कोण बसलंय, कुठे बसलंय, आणि उठताना त्याच्या हातात काय असायला हवं.

मिक्स (Mixxx) हे डीजेंसाठीचं सॉफ्टवेअर घ्या. तिथे माणूस गर्दीसमोर उभा असतो. आवाजात क्षणभराचा खंड पडला तर त्याची रात्र बिघडते. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादन सॉफ्टवेअरपुढे बसलेला माणूस आवाज कापतोय, जोडतोय. त्याला अर्धा सेकंद थांबावं लागलं तरी चालेल, पण कापलेला तुकडा हरवला तर चालणार नाही. रेकॉर्डचं बटण दोन्हीकडे आहे. ते दाबल्यावर संगणकाने आधी काय सांभाळायचं, याचं उत्तर मात्र दोन्हीकडे वेगळं आहे.

१९९६ पासून चालू असलेल्या लिलिपाँडचं उदाहरण मला फार आवडतं. पूर्वी धातूच्या पत्र्यावर हाताने कोरून नोटेशन छापत, तितकं देखणं पान संगणकाने काढावं, हे त्यांचं ठरलेलं. त्यासाठी संगीत मजकुराच्या रूपात टाइप करायचं, हेही ठरलेलं. माउसने स्वर ठेवायची सोय त्यांनी मूळ प्रोग्रामात आणली नाही. फ्रेस्कोबाल्डीसारखे संपादक बाहेर तयार झाले आणि मूळ प्रोग्राम आपल्या कामात मुरत गेला.

आमचं वाक्य असं आहे: "एकट्याने, साध्या खोलीत वाद्यं आणि गळा मुद्रित करणाऱ्याला, दुसऱ्या सॉफ्टवेअरची मदत न घेता, लोकांना ऐकवता येईल असं स्टिरिओ मिक्स मिळावं." यातल्या "दुसऱ्या सॉफ्टवेअरची मदत न घेता" या शब्दांवर आमच्या दोन बैठका गेल्या. त्या शब्दांमुळे लिमिटर (आवाजाला वरची मर्यादा घालणारा) आणि लाउडनेस मीटर (आवाज किती मोठा ते मोजणारा) आत आले. "स्टिरिओ" या एका शब्दामुळे सराउंड (चहूबाजूंच्या स्पीकरांसाठीचं मिक्स) बाहेर राहिलं.

३. "काय करणार नाही" याची यादी जाहीर करावी का? लोक दुखावतात.

जाहीर करा, आणि प्रत्येक नकाराशेजारी कारण लिहा. चार महिने खपून लिहिलेला पॅच (कोडमधला बदल) नाकारून परत मिळाला की माणूस खरा दुखावतो. "व्हिडिओ ट्रॅक नाही, कारण तो तपासायला आमच्याकडे कोणी नाही" हे त्याने आधी वाचलं असतं तर त्याचे चार महिने वाचले असते. वर्षातून एकदा यादी पुन्हा काढून बघा. कारण संपलं असेल तर नकारही काढून टाका.

४. मागण्या शेकड्यांनी येतात. मतदान घेऊन क्रम लावला तर?

मतं जरूर मोजा, पण ती दुखणं कुठे आहे ते सांगतात. औषध तुम्हालाच शोधावं लागतं.

आमच्याकडे बराच काळ सगळ्यात वरची मागणी होती "मेट्रोनोमचा आवाज वाढवता यावा". स्लायडर द्यायला तासाभराचं काम होतं. त्याआधी आमच्यातली एक जण एका ड्रमवादकाशेजारी तो मुद्रण करत असताना जाऊन बसली. त्याने हेडफोन इतके मोठे केले होते की मेट्रोनोमची क्लिक (ठोक्याचा आवाज) माइकमध्ये झिरपत होती, तरीही त्याला ठोका सापडत नव्हता. आमची क्लिक होती जाड आणि लांब, खालच्या पट्टीतली. बास ड्रमचा प्रत्येक घाव तिला गिळून टाकत होता. आम्ही क्लिक आखूड आणि टोकदार केली, वरच्या पट्टीत नेली. आवाज तेवढाच ठेवला. मागणी यायची थांबली.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. जे कंटाळून निघून गेले ते मत देत नाहीत. ज्यांना तुमचं सॉफ्टवेअर उघडताच येत नाही तेही देत नाहीत (प्रश्न १० पहा).

५. शेवटचा शब्द कोणाचा असावा?

कोणाचा ते लिहून ठेवलेलं असावं, हे महत्त्वाचं. आर्डर या ध्वनिमुद्रण सॉफ्टवेअरची दिशा वर्षानुवर्षं मुख्यतः पॉल डेव्हिस यांनी सांभाळली आणि त्या प्रकल्पाला एकसंधपणा आला. काही प्रकल्प तीन-चार मेंटेनरच्या (प्रकल्प सांभाळणाऱ्यांच्या) सहमतीने चालतात. दोन्ही रीती चालतात. कोणी ठरवायचं हेच माहीत नसेल तर मात्र काही चालत नाही, कारण मग जो जास्त वेळ वाद घालू शकतो तो जिंकतो.

आमची रीत: प्रस्ताव एका पानाचा. त्यात गरज काय, कोणाची, आणि हे केल्याने काय करायचं राहून जाईल. दोन आठवडे हरकतीसाठी. हरकत आली नाही तर मंजूर, आली तर तीन मेंटेनर ठरवतात आणि कारण त्याच पानाखाली लिहितात. या तिघांपैकी एक जण कोड लिहीत नाही, ती मिक्सिंग करते. भाषांतर करणारे आणि मदतपुस्तिका लिहिणारे यांनाही हरकतीचा तेवढाच हक्क आहे. कुठला मेनू लोकांना समजत नाही हे त्यांना आमच्या आधी कळतं.

६. रोडमॅपमध्ये (पुढच्या कामांच्या आराखड्यात) तारखा द्याव्यात का?

देऊ नका. क्रम द्या. लोक नोकरी सांभाळून, रात्री जागून काम करतात. त्यांच्या मानेवर तारीख ठेवली की ते तारीख पाळत नाहीत, प्रकल्प सोडतात.

७. लायसन्स ही कायद्याची बाब. तिचा दिशेशी काय संबंध?

फार जवळचा. आज निवडलेलं लायसन्स उद्या तुम्ही कुठल्या दारातून आत जाऊ शकता ते ठरवतं.

प्लगइनचंच (मुख्य प्रोग्रामला जोडायचे छोटे प्रोग्राम) बघा. श्टाइनबर्ग कंपनीच्या व्हीएसटी २ या प्लगइन-मानकाचं एसडीके (प्लगइन बनवायचं साहित्य) जीपीएल या मुक्तस्रोत लायसन्सशी जुळत नव्हतं, आणि ऑक्टोबर २०१८ नंतर नव्या लोकांना ते मिळणंच बंद झालं. व्हीएसटी ३ जीपीएल ३ खाली मिळत होतं, पण ज्यांचा कोड "फक्त जीपीएल २" होता त्यांना ते जोडता येईना. ऑडॅसिटीने २०२१ मध्ये जीपीएल ३ कडे जायचं ठरवलं, त्यामागे हेही एक कारण होतं. २०२५ मध्ये व्हीएसटी ३ एमआयटी या सैल, म्हणजे कमी अटींच्या लायसन्सखाली आलं आणि ती गाठ सुटली. तोवर कितीतरी प्रकल्पांनी आपल्या योजना त्या गाठीभोवती आखल्या होत्या.

दुसरं उदाहरण व्हीएलसी या व्हिडिओ-प्लेअरचं. जीपीएल आणि ॲपलच्या ॲप स्टोअरच्या अटी जुळत नाहीत या हरकतीवरून जानेवारी २०११ मध्ये ते तिथून निघालं. पुढे त्यांनी गाभ्याचं लायसन्स एलजीपीएल (जीपीएलचं सैल रूप) केलं. त्यासाठी जुन्या योगदानकर्त्यांना शोधून शोधून संमती घ्यावी लागली. उलट प्युअर डेटा या संगीत-प्रोग्रामिंग सॉफ्टवेअरचं लायसन्स बीएसडी पद्धतीचं, म्हणजे सैल, त्यामुळे त्याचा गाभा लिबपीडीच्या रूपाने फोनवरच्या ॲपमध्ये सहज बसवता आला.

आमचं मत: पूर्ण प्रोग्राम असेल तर "जीपीएल ३ किंवा पुढची आवृत्ती". इतरांनी आपल्या प्रोग्रामात बसवावी अशी लायब्ररी असेल तर सैल लायसन्स. "किंवा पुढची आवृत्ती" हे शब्द गाळू नका.

८. जुन्या प्रोजेक्ट-फायली नव्या आवृत्तीत उघडल्याच पाहिजेत का? हे ओझं आम्हाला पुढे जाऊ देत नाही.

उघडल्या पाहिजेत, आणि उघडल्यावर पूर्वीसारख्याच वाजल्या पाहिजेत. दुसरी अट पहिलीहून अवघड आहे आणि लोक तीच विसरतात. आम्हीही विसरलो होतो.

एका आवृत्तीत आम्ही पॅन लॉ बदलला. मध्यभागी ठेवलेला आवाज दोन्ही बाजूंना किती डेसिबलने उतरवायचा, त्याचा हा नियम. आधी तो उणे ३ होता, आम्ही उणे ६ केला. कारण चांगलं होतं: मोनोमध्ये ऐकताना हिशेब बरोबर बसत होता. पण नियम फायलीत लिहिलेला नव्हता, प्रोग्रामात होता. त्यामुळे लोकांच्या जुन्या फायली उघडल्या आणि मध्यभागातलं सगळं ३ डेसिबलने खाली गेलं. टोकाला ठेवलेल्या गिटार होत्या तिथेच राहिल्या. मध्यभागी असतं काय? गाणाऱ्याचा आवाज. एका बाईंनी अर्धा अल्बम आमच्यावर विसंबून केला होता. त्यांनी लिहिलं, "मला वाटलं माझेच कान बिघडले. तीन दिवस मी प्रत्येक गाण्यात माझा आवाज वर ढकलत बसले होते." ते पत्र वाचून आम्ही त्याच रात्री आवृत्ती मागे घेतली. ज्यांनी तोवर आपली मिक्स "दुरुस्त" केली होती, त्यांची मात्र आणखी बिघडली.

त्यानंतर हे नियम केले. आवाजावर परिणाम करणारी प्रत्येक गोष्ट फायलीतच लिहिली जाते, आणि नोंद नसेल तर जुना नियम लागतो. रिव्हर्ब किंवा कंप्रेसर असा इफेक्ट सुधारला तर जुना कोड तसाच राहतो. नव्याला वेगळं नाव मिळतं, आणि कोणता घ्यायचा हे वापरणाऱ्याच्या हातात असतं. आणि लोकांनी परवानगी देऊन दिलेले जुने प्रोजेक्ट आम्ही प्रत्येक बदलानंतर आपोआप रेंडर करतो (त्यांचा आवाज नव्याने काढतो), पूर्वीच्या रेंडरमधून वजा करतो. उरलेल्यात शांतता नसेल तर बदल मूळ कोडमध्ये घेतला जात नाही.

सीसाउंड हा संगीतरचनेचा प्रोग्राम १९८० च्या दशकातला, तरी त्यात तेव्हा लिहिलेल्या रचना आजही वाजवता येतात. फाइलचं रूप बदलायला हरकत नाही. ऑडॅसिटीने मार्च २०२१ मध्ये ३.० काढताना जुनी पद्धत सोडली. त्या पद्धतीत एक छोटी फाइल आणि शेजारी शेकडो तुकड्यांचं फोल्डर असायचं, आणि फोल्डर मागे राहिलं की आवाजही गेला. आता सगळं एका फायलीत असतं. जुना प्रोजेक्ट उघडला की त्याचं रूपांतर होतं. नवी फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, पण जुनं काम बुडालं नाही.

९. कोड जुनाट झालाय. सगळं नव्याने लिहायचं का?

कुजलंय काय ते आधी पाहा. ४८,००० च्या सॅम्पल रेटवर (सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने) ६४ सॅम्पलचा बफर (एका वेळी हाताळायचा तुकडा) म्हणजे १.३३ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात ऑडिओ थ्रेडला (प्रोग्रामातल्या आवाज पुरवणाऱ्या भागाला) काम संपवावंच लागतं. तिथे कोड मेमरी मागत असेल, लॉकसाठी थांबत असेल, डिस्कवर लिहीत असेल तर आवाज तुटणारच, आणि वरवरच्या डागडुजीने ते थांबणार नाही. ती चौकट नव्याने लिहा. फक्त बटणं जुनी दिसत असतील तर बटणंच बदला.

वेळेचा अंदाज मात्र खरा ठेवा. आर्डर २ आलं २००७ मध्ये, आणि मिडी (स्वरांच्या सूचना आकड्यांत मांडायची पद्धत) मुद्रण-संपादन घेऊन आर्डर ३ आलं २०१३ मध्ये. तोवर जुनी आवृत्ती कोण दुरुस्त करत राहणार याचं उत्तर नसेल तर काम सुरू करू नका. एकेक भाग बदलत जाणं कंटाळवाणं असतं, पण मधल्या काळात वापरणाऱ्याच्या हातात चालणारं काहीतरी असतं.

१०. स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम) वापरणाऱ्यांसाठीचं काम "नंतर" ठेवलं तर चालेल का?

ते "नंतर" येत नाही. पडदा कोणत्या टूलकिटने (बटणं, मेनू दाखवणाऱ्या तयार कोडने) रंगवायचा हा निर्णय पहिल्या महिन्यात होतो, आणि तिथेच हाही निर्णय होऊन जातो. फेडर, नॉब सगळे स्वतः रंगवलेले असतील आणि त्यांची नावं, किमती ऑपरेटिंग सिस्टिमला सांगितलेल्या नसतील, तर स्क्रीन रीडरला तिथे एक मोकळा चौकोन दिसतो. संगीतात कानावर काम करणारे अंध कलावंत आणि ध्वनितंत्रज्ञ पुष्कळ आहेत. त्यांना बाहेर ठेवणारं ध्वनी-सॉफ्टवेअर मला अर्धवट वाटतं. कमीत कमी एवढं पाळा: माउसशिवाय ट्रॅक घेता, मुद्रित करता, कापता आणि एक्सपोर्ट करता आला पाहिजे. आला नाही तर तो बग समजा.

११. बारा स्वर आणि ठरावीक ठोक्यांपलीकडचं संगीत आमच्या उद्दिष्टात नाही. मग त्याचा विचार करायचा का?

फीचर म्हणून नको, पाया म्हणून करा. १९८३ च्या मिडीत स्वर म्हणजे ० ते १२७ मधला पूर्णांक. तोच आकडा तुम्ही आत सगळीकडे साठवलात तर दोन स्वरांमधली जागा तुमच्या प्रोग्रामला कायमची अदृश्य होते. स्वराची उंची अपूर्णांकात साठवणं पहिल्या दिवशी जवळजवळ फुकट असतं, दहाव्या वर्षी ते म्हणजे पुनर्लेखन. तसंच काळाचं: क्षण सेकंदांतही धरता यावा, फक्त मात्रांच्या जाळीतच नको. सर्ज एक्सटीसारखा सिंथेसायझर स्काला या स्वरसप्तकांच्या सॉफ्टवेअरच्या ट्यूनिंग फायली वाचतो, आणि ज्यांना बाराच स्वर हवेत त्यांची त्यात काही अडचण होत नाही.

१२. लोक काय वापरतात हे कळल्याशिवाय दिशा कशी ठरवणार? टेलिमेट्री (वापराची माहिती आपोआप पाठवणारी सोय) घालू का?

मे २०२१ मध्ये ऑडॅसिटीत तसा प्रस्ताव आला, मोठा विरोध झाला आणि तो मागे घेतला गेला. काहींनी फोर्कही (तोच कोड घेऊन वेगळे प्रकल्प) काढले, टेनॅसिटी हा त्यातला एक. आकडे गोळा करणं मुळात वाईट नाही, पण मुद्रणाचा संगणक ही लोकांची खासगी खोली असते. विचारून, ती सोय मुळात बंद ठेवून आणि पाठवायचा मजकूर दाखवून करत असाल तर करा. आमचा अनुभव सांगतो की पाच जणांशेजारी बसून जे कळतं ते पुष्कळ पुरतं (प्रश्न ४).

१३. पैसे घेतले की दिशा पैसेवाल्यांच्या हातात जाते का?

कशाचे घेता त्यावर आहे. आर्डरचा कोड खुला आहे, आणि तयार प्रोग्राम हवा असेल तर पैसे द्यायचे. त्यात देणारा सगळ्या प्रोग्रामला आधार देतो. एकेका फीचरवर बक्षीस लावलं तर नव्या गोष्टींना पैसे मिळतात, त्या सांभाळायला कोणी देत नाही. मोठी देणगी आली तर देणाऱ्याला प्रश्न ५ मधल्या हरकतीचा हक्क द्या, इतरांएवढाच.

१४. वाद टोकाला गेला. फोर्क म्हणजे फूटच ना?

दरवेळी नाही. २००९ मध्ये झिनॲडसबएफएक्स या सिंथेसायझरपासून योशिमी निघालं आणि पुढे दोन्ही चालू राहिली. दोन गटांना खरोखरच दोन उद्दिष्टं हवी असतील (प्रश्न २ मधली तीन उत्तरं दोघांनी वेगळ्या खोलीत बसून लिहा आणि ताडून बघा), तर फोर्क हा सभ्य मार्ग आहे. उत्तरं सारखीच आली तर भांडण माणसांचं आहे, आणि फोर्कने ते सुटणार नाही. फोर्क केलात तर नाव आणि चिन्ह बदला, आणि प्रोजेक्ट-फाइल एकमेकांत उघडत राहील तितके दिवस राहू द्या. गायकाने तुमच्या भांडणाची किंमत मोजू नये.

१५. मूळ लेखकाने प्रकल्प सोडला. आता त्याचीच दिशा पाळायची की आपली?

त्याने दिलेली वचनं पाळा, विशेषतः फायलींबद्दलची. बाकी तुम्ही मोकळे आहात. सर्ज हा पूर्वी विकला जाणारा सिंथेसायझर. लेखकाने २०१८ मध्ये तो जीपीएल ३ खाली खुला केला आणि स्वयंसेवकांनी हाती घेतला. जानेवारी २०२२ मध्ये सर्ज एक्सटी आलं तेव्हा तो पुष्कळ बदलला होता. लेखक हयात असेल, बोलत असेल तर एकच विचारा: कोणता निर्णय घेतल्याचा तुम्हाला पस्तावा होतो? त्या उत्तरातून वर्षभराचं काम निघतं.

१६. ठरवलेलं सगळं करून झालं. नवं काही येत नाही म्हणून लोक प्रकल्पाला मेलेला म्हणतात. उद्दिष्ट वाढवावं का?

दुसऱ्यांच्या म्हणण्यावरून वाढवू नका. लॅडस्पा हे २००० सालचं प्लगइन-मानक म्हणजे सीची एक छोटी हेडर फाइल. त्यात जास्त सोयी हव्या झाल्या तेव्हा एलव्ही२ असं नवं मानक केलं गेलं. लॅडस्पा जिथे होतं तिथे राहिलं, आणि त्याचे प्लगइन आजही आर्डर आणि ऑडॅसिटीत उघडतात.

पहिल्याच पानावर लिहा: "फीचर पूर्ण. बग दुरुस्त होतात. नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर बांधणी चालू आहे." त्याखाली शेवटच्या बांधणीची (कोडपासून तयार प्रोग्राम करण्याची) तारीख आपोआप येऊ द्या. ती महिन्याभराहून जुनी दिसली नाही तर वाचणाऱ्याला सगळं कळतं. प्रश्न ८ मधली जुन्या फायलींची तपासणी चालू ठेवा, आणि सर्व्हर आणि नाव यांच्या चाव्या आणि साइनिंग की (प्रोग्राम तुमचाच आहे हे दाखवणारी डिजिटल सही) निदान दोघांकडे असू द्या.